बशीतले आलू

माझ्या सासऱ्यांचे उरलेसुरले अकरा दात एका हिवाळ्यात तीन खेपांना काढले गेले आणि आमच्या घरातला सर्वांत खणखणीत आवाज एकाएकी मऊ झाला. व्याकरणात ज्यांना दंत्य वर्ण म्हणतात, ते त, थ, द, ध, स दातांबरोबरच घर सोडून गेले. उरली ती ओठांची आणि कंठाची अक्षरे. मी त्या काळात मराठी शिकवत असे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातला हा बदल मला इतरांहून थोडा अधिक ऐकू येई. आणि खरे सांगायचे तर, त्यात मला थोडी काव्यमय गंमतही वाटे. दातांवाचून माणसाच्या पोटाचे काय होते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

बाबूजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, सारे आयुष्य एका सरकारी कचेरीच्या अभिलेख खोलीत गेले होते. प्रत्येक कागदाला त्याचे नाव, प्रत्येक नावाला त्याचा कप्पा, हा तिथला धर्म त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणला होता. डाळीच्या डब्यात रवा सापडला तर ते दुःखी होत. नवी कवळी बसवायची तर हिरड्या भरून याव्या लागतील, आणि तोवर तिखट आणि चावायचे काही नको, असे दातांच्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा त्यांनी ते एखाद्या परिपत्रकासारखे निमूट ऐकून घेतले. अडचण झाली ती सासूबाईंची. नागपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात तिखटावाचून शिजवायचे म्हणजे काय, हे त्यांना कोणी कधी शिकवले नव्हते. त्यांच्या पाटोडीच्या रश्श्यावर तर्री अशी तरंगे की तळे मावळतीला लाल व्हावे. त्या हातांनी आता वरणभात कालवायचा, दुधात पोळी कुस्करायची. बाबूजी दोन घास खात आणि ताट सरकवत. दूधपोळी पुढे आली की, मी काय रांगून राहिलो का, असे विचारत.

तीन आठवड्यांत त्यांचा गरम कोट त्यांच्या अंगावर खुंटीवर लटकावा तसा लटकू लागला. घराजवळचे डॉक्टर त्यांना दर आठवड्याला काट्यावर उभे करत. काटा मागे मागेच जात होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पाहू, नाहीतर दवाखान्यात भरती करून सलाईन लावू. बाबूजींचे थोरले भाऊ असेच अशक्तपणासाठी भरती झाले होते आणि परत आले नव्हते. त्या रात्रीपासून सासूबाईंनी दवाखान्याचे नाव घरात काढले नाही, आणि मी मनाशी ठरवले की या आठ दिवसांत या माणसाच्या पोटात काहीतरी घालायचेच.

मी तेव्हा रोज बसने कामठीच्या एका शाळेत जात असे. आमच्या शाळेत गृहशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांचे वडील छावणीतल्या मेसचे आचारी. मी माझे गाऱ्हाणे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, साहेब लोकांचे दात पडले की त्यांना बटाट्याचे सूप देत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला कृती सांगितली आणि मी ती कवितेच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली.

घरी आल्यावर मी जाहीर केले की आज सूप करणार आहे. सासूबाईंनी भिंतीकडे बोट दाखवले. तिथे पाखडायची दोन सुपे टांगलेली होती.

“दोन हायेत,” त्या म्हणाल्या. “तिसरं काहून करून राहिली?”

मी समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण माझ्या शिक्षणाविषयी त्यांच्या मनात जी शंका होती ती त्या दिवशी आणखी गडद झाली असावी.

हिवाळ्यातले नवे आलू बाजारात आले होते. त्यांची साल इतकी कोवळी की ओल्या अंगठ्याने पुसली तरी निघावी, आणि आतून ओल्या मातीचा, थोडासा थंड वास यावा. मी ते उकडले आणि, वहीत ‘एकजीव करावेत’ असे लिहिले होते म्हणून, पाट्यावर घेऊन वरवंट्याने जिवाच्या आकांताने रगडले. कवितेत एकजीव होणे ही फार उच्च अवस्था असते. बटाट्याच्या बाबतीत ती आपत्ती असते. पातेल्यात जे तयार झाले ते ढवळले की डावाबरोबर सगळेच उठून येई. बाबूजींनी चमचा वर उचलला. चमच्याला एक लांब, चकचकीत तार आली आणि खाली यायचे नाव घेईना. ते बराच वेळ त्या तारेकडे पाहत राहिले. अभिलेख खोलीत जुन्या फाइली चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “ही लेई फार चांगली झाली. आमच्या ऑफिसात अशी कधी नाही मिळाली.”

आणि त्यांच्या सुनेच्या पाककौशल्याचे सूप वाजले, असेही त्यांनी वर सांगितले. बिनदाताच्या तोंडातून टोमणा जास्त मऊ येतो, पण लागतो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी कामठीच्या बाईंनी कपाळावर हात मारला. आलू रगडायचा नाही, त्या म्हणाल्या, हलक्या हाताने गाळायचा. रगडला की त्याला राग येतो आणि तो चिकट होतो. गाळायला बारीक जाळीचे काही आहे का घरी? घरी चहाची गाळणी होती आणि पुरणयंत्र होते. चहाच्या गाळणीतून आलू गाळायला माझी अख्खी हयात पुरली नसती. सासूबाई शेजारी लोकरीच्या टाक्यांचा हिशेब लावायला गेल्या होत्या, तेवढ्या वेळात मी पुरणयंत्र काढले.

वाचकांपैकी ज्या स्त्रिया आमच्याकडच्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नकोच. इतरांसाठी सांगते. पुरणयंत्र हे भांडे नव्हे. ते सणाचे असते. वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवतात, सोवळ्यासारखे वागवतात, आणि त्यात चणाडाळ आणि गूळ यांखेरीज कशाचाही प्रवेश नसतो. मी त्यात लोण्यावर शिजवलेला कांदा घातला होता. लोण्यावरचा कांदा तांबूस होऊ द्यायचा नाही, काचेसारखा पारदर्शक होताच आलू घालायचे, मग पाणी, दोन तमालपत्रे आणि मिठाची चिमूट. त्याला येणारा वास मंद असतो, पण दूर जातो. तो शेजारच्या घरी गेला. सासूबाई विणकाम हातात घेऊनच दारात उभ्या राहिल्या. पुरणयंत्राच्या भोकांतून पांढऱ्या, मऊ अळ्या पडाव्यात तसे आलू पडत होते, आणि मध्येमध्ये कांद्याची एखादी चकती अडकली होती.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले की होळीच्या पोळीले आता कांद्याचा वास येईन, तर पाहुण्यांना काय सांगायचे. मी म्हटले, सांगू की नवा प्रकार आहे. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी उरलेला कांदा मुकाट्याने खरवडून काढला. एवढ्यावर भागले असते. पण वहीत पुढे ‘साय’ लिहिलेली होती. साय म्हणजे सासूबाईंच्या मडक्यातली, तुपासाठी दिवसादिवसाने साठवलेली. मी मडक्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्या स्वतःच उठल्या आणि डावभर साय काढून माझ्या पातेल्यात टाकली.

“त्याईच्यासाठी हाये,” त्या म्हणाल्या. “तुह्या वहीसाठी नाही.”

त्या दिवशीचे सूप, माझे मीच म्हणते, सुंदर होते. दूध हळूहळू घातले होते, आचेवर ते उकळू न देता नुसते थरथरू दिले होते. रंग जुन्या हस्तिदंताचा. वर साय विरघळताना ढग विरावा तशी विरली. जरा भरड कुटलेले मिरे टाकले, तर त्या पांढऱ्यावर ते पहिल्या रेघेवर सांडलेल्या शाईच्या शिंतोड्यांसारखे दिसले. मी वाटी आणि चमचा बाबूजींपुढे ठेवला. माझा नवरा समोर बसून वांग्याची भाजी हादडत होता.

बाबूजींनी आधी वाटीत पडलेल्या मुंग्यांबद्दल विचारले. ते मिरे आहेत असे कळल्यावर त्यांनी पदार्थाचे नाव विचारले. सूप म्हटल्यावर ते म्हणाले की सूप पाखडायला असते, आणि मराठीच्या मास्तरणीच्या घरात नाव नसलेला पदार्थ चालायचा नाही. मग त्यांनी तोंडापुढे टॉवेल धरला, त्याआड दोन चमचे घेतले, आणि वाटी सरकवली.

मला वाटले, अडले आहे ते नावाशी. शब्दांवर जिचे पोट आहे तिला असेच वाटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते ‘सार’ म्हणून वाढले. सार आंबट असते, असा शेरा आला. संध्याकाळी ‘पेज’. पेज तांदळाची. तिसऱ्या दिवशी सकाळी ‘कढी’. कढीला ताक लागते. त्याच दिवशी नववीच्या वर्गाला निबंध लिहायला बसवून मी खिडकीत उभी राहून ‘कंदक्षीर’ असे नाव घडवले, आणि बसमध्ये त्याच्यावर इतकी खूश होते की माझा थांबा चुकला. कंदक्षीर हे मूळव्याधीच्या औषधाचे नाव वाटते, असे बाबूजींनी सांगितले. प्रत्येक नावाचा निकाल देण्यापूर्वी ते तोंडापुढे टॉवेल धरत आणि त्याआड दोन चमचे घेत. आठांपैकी चार दिवस संपले होते. नावे संपत आली होती, आणि त्यांच्या मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकत होते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात थांबवले. मी नवे नाव सांगू लागले, तर त्यांनी हातानेच गप्प केले.

“नावात काही नाई वं,” त्या म्हणाल्या. “भूक त्याईले लागते. पण चमचा तोंडात गेला की आवाज येते. लहान लेकरावानी. पोरासमोर तो आवाज करायची लाज वाटते त्याईले.”

मी चार दिवस त्यांच्यासमोर बसले होते. शब्दाच्या शेवटच्या काना-मात्रेपर्यंत ऐकणारे माझे कान. हिरड्यांनी चमचा ओढून घेतानाचा तो बारीक, चोखल्यासारखा आवाज मी ऐकलाच नव्हता, कारण तो टॉवेलाआड होता. आणि टॉवेल कशासाठी आहे हा प्रश्न मला पडला नव्हता. मी नावे पुरवत होते, आणि ते कृतज्ञतेने ती नाकारत होते. नावावर भांडण चालू असले की न खाण्याचे दुसरे कारण कोणी विचारत नाही. जन्मभर फाइली सांभाळलेल्या माणसाला एक कागद दुसऱ्याखाली कसा दडवायचा, हे चांगले ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, सासूबाईंनी सूप कपबशांत ओतले. चार कप, चार बशा. आमच्या घरी चहा बशीनेच पीत, आणि फुर्र असा आवाज केल्याशिवाय चहा प्यालेला धरत नसत. मी एकटी कपाला ओठ लावून चोरासारखी पीत असे, आणि त्यावरून लग्नानंतर पहिले वर्षभर माझी थट्टा झाली होती. सासूबाई माझ्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या की आज कपाने प्यायचे नाही, बशीने प्यायचे, आणि आवाज करून.

त्यांनी स्वतःच सुरुवात केली. बशी दोन्ही हातांच्या बोटांवर धरून, डोळे मिटून, त्यांनी असा लांबलचक फुर्रकार काढला की माझा नवरा दचकून वर पाहू लागला. मग त्याने आपली बशी उचलली. मग मी. माझा पहिला आवाज फारच सभ्य निघाला, त्याबद्दल सासूबाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. दुसरा बरा निघाला. आमचे तिघांचे सूर एकमेकांवर चढत, उतरत चालले होते, आणि त्यांच्याखाली कुठेतरी एक चौथा, मऊ, ओठांचाच आवाज सुरू झाला होता. मी त्या दिशेने पाहिले नाही. बशीत पाहिले. सायीची बारीक रेघ काठाला लागून थरथरत होती.

माझ्या नवऱ्याने विचारले, हे आहे तरी काय.

“चहा हाये,” सासूबाई म्हणाल्या. “पांढरा.”

तिखटाशिवायचा घोट गिळताना त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा झाला होता. बाबूजींनी बशी खाली ठेवली. टॉवेल मांडीवरच होता. त्यांनी या नोंदीचा थोडा वेळ विचार केला.

“पांढरा चहा,” ते म्हणाले. “कपात आहे, बशीत आहे. तेव्हा बरोबर आहे.” आणि रिकामा कप माझ्याकडे सरकवला.

त्यांनी त्या दिवशी तीन कप घेतले. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पातेले चढले. सायीचे मडके तळाला गेले तेव्हा सासूबाईंनी गवळ्याला जास्तीचे दूध टाकायला सांगितले, आणि त्या महिन्यात आमच्या घरी तूप कढले नाही.

आठव्या दिवशी आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो. बाबूजी कोट काढून काट्यावर उभे राहिले. काटा डुलला, थांबला, आणि मागच्या खुणेच्या पुढे जाऊन स्थिर झाला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, त्यांना उतरवून पुन्हा एकदा चढवले. काटा तिथेच. भरती करायची गरज नाही म्हणून त्यांनी सांगितले आणि कुतूहलाने विचारले की आठ दिवस खाल्ले काय.

“चहा,” बाबूजी म्हणाले. “दिवसाला सहा कप.”

डॉक्टर संतापले. उपाशी पोटी इतका चहा कोणी पितो का, आधी तो बंद करा, असे ते मलाच, घरातली शिकलेली म्हणून, रागावून सांगू लागले. मी तोंड उघडले, पण मला नाव आठवेना. इतकी घडवली होती, एकही जिभेवर येईना. बाबूजी शांतपणे कोटाची बटणे लावत होते, आणि कोट अजून सैल होता.

“पिऊ द्या, डॉक्टरसाहेब,” सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या. “आमच्याकडे चहात आलू असते.”