अंधारमावशी

पालिकेत तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकतीस वर्षं टायपिंग केलेली बाई ती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर साहेबांची सही झालेला कागदसुद्धा परत पाठवायची. एकदा कुण्या शहाण्याने 'बालपोषण आहार' ऐवजी 'बालशोषण आहार' असं छापायला दिलं होतं, ते हिनेच पकडलं. नाहीतर पालिकेची अब्रू वेशीवर टांगली गेली असती. तेव्हापासून कल्याण विभागाचे कागद हिच्याचकडे यायचे.

घरी ती एकटीच. नवरा वारलेला. मुलगी चार रस्ते पलीकडे, पाच वर्षांच्या पोरीला घेऊन राहायची; जावई जहाजावर, वर्षातून दोनदा उगवायचा. शेजारणी पोरांना बदडायला लागल्या की वेलांटीबाई नाक मुरडायची. "मी माझ्या मुलीला कधी बोट लावलं नाही," हे तिने इतक्यांदा ऐकवलं होतं, की टपाल विभागातली तिची मैत्रीण ते वाक्य तिच्या आधीच पुरं करायची.

त्या सकाळी कल्याण विभागाच्या साहेबांनी सहा पानी टिपण तिच्या टेबलावर ठेवलं. विषय घरभेटीच्या योजनेचा होता. ज्या घरात पोरांचे हाल होतात, किंवा होतील अशी धास्ती आहे, तिथे पालिकेच्या दोन बायका दर आठवड्याला जायच्या, आईबापांचं ऐकून घ्यायच्या, राग आवरायला शिकवायच्या. दुपारच्या सभेत निधी मंजूर झाला नाही, तर योजना महिनाअखेरीला गुंडाळली जाणार होती.

"सभासद दोन पानांच्या पुढे वाचत नाहीत," साहेब म्हणाले. "सगळं दोन पानांत बसवा. तीन उदाहरणं आहेत, त्यातलं तिसरं गाळा. पहिल्या दोन्हींत मारहाण आहे, चटके आहेत. तिसऱ्यात नुसतं कपाट. हसतील लोक."

वाचल्याशिवाय काही गाळायचं नाही, हा बाईचा खाक्या. तिने वाचायला घेतलं. नावं अर्थातच नव्हती.

'मुलगी, वय पाच. आई एकटीच सांभाळते. मुलगी हट्टाला पेटली की आई तिला कपड्यांच्या कपाटात कोंडते. एकदा दीड तास. दार उघडलं तेव्हा मुलीची नखं सोललेली होती. त्यानंतर आईने स्वतःच मदत मागितली. मुलीला चित्र काढायला दिलं असता तिने काळा चौकोन काढला. हे काय, असं विचारल्यावर म्हणाली, अंधारमावशीचं घर.'

वेलांटीबाईला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. काचा पुसून तिने पुन्हा वाचलं. शब्द तोच होता, वेलांटीसकट.

हा शब्द कुठल्या कोशात नाही. तो तिनेच बनवला होता. मुलगी लहानपणी रडारड करायला लागली की ती म्हणायची, "जाऊन ये गं जरा अंधारमावशीकडे," आणि कपाटात बसवून कडी लावायची. दोन मिनिटं, फार तर तीन. वर बहिणीला कौतुकाने सांगायची, बघ माझी युक्ती, हात उगारावाच लागत नाही.

चार महिन्यांपूर्वी नातीच्या बोटांना पट्ट्या होत्या. दारात सापडली, असं लेक म्हणाली होती, आणि हिने लेकीलाच झापलं होतं, लक्ष कुठे असतं गं तुझं.

खाली आणखी दोन ओळी होत्या. 'आई म्हणते, माझ्या आईने मला कधी बोट लावलं नाही, हे खरं आहे. गेल्या महिन्यात तिने मुलीला एकदाही कोंडलं नाही; भेटी थांबल्या तर मात्र तिला स्वतःचा भरवसा वाटत नाही.'

आणि एवढं वाचूनही बाईने ते उदाहरण गाळलं. साहेबांनीच तर सांगितलं होतं, असं तिने मनाला बजावलं. लाज माणसाला काय काय करायला लावते, ते हे.

दुपारी सभेचं इतिवृत्त लिहायला तीच होती. अध्यक्षांनी दोन्ही पानं चाळली. "ही दारुड्यांची घरं दिसतात. ते पोलीस बघतील. चांगल्या घरांत आपल्या बायका चहा प्यायला जातात की काय? बंद करून टाकू."

हात वर व्हायला लागले तशी वेलांटीबाई उभी राहिली. त्या सभागृहात ती आजवर खोकण्यापलीकडे बोलली नव्हती.

"तिसरं उदाहरण आहे," ती म्हणाली. "मी गाळलं." आणि तिने ते वाचून दाखवलं.

एक सभासद खरंच हसला. "कपाटात ना? मारलं तर नाही?"

"मीही माझ्या मुलीला असंच कोंडायचे," ती म्हणाली. "शिकलेली, नोकरी करणारी, शुद्ध लिहिणारी बाई मी. माझ्या घरी तेव्हा कोणी आलं असतं, तर मी थांबले असते."

ते तिसरं घर कोणाचं, याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. निधी एका वर्षापुरता मंजूर झाला. तिचं पटलं म्हणून, की सगळे अवघडले म्हणून, देव जाणे.

कचेरी सुटल्यावर ती तडक लेकीकडे गेली. नात शेजारी खेळायला गेली होती, लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईने उभ्याउभ्याच सांगितलं, "कागदावर नाव नव्हतं गं. पण शब्द माझा होता."

लेकीच्या हातातली घडी सुटली. तिने एवढंच विचारलं, "त्या ताई यायच्या बंद होणार?"

"नाही. वर्षभर येतील."

लेक ओक्साबोक्शी रडली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग न राहवून म्हणाली, "पण मी तर दोनच मिनिटं ठेवायचे गं तुला."

लेकीने डोळे पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"एकदा तू मला आत ठेवून बाजारात गेलीस, आई. परत आलीस आणि घरभर हाका मारत फिरलीस, कुठे लपलीस गं म्हणून."