न धुतलेला सदरा

साउदॅम्प्टनच्या नॉर्दम भागातलं निम्मं धुणं केझायाच्या हाताखालून जायचं. हात सोड्याने सोललेले, आणि जीभ हातांहून खरखरीत. कॉलरवर डाग राहिलाय असं तिला सांगायची कुणाची टाप नव्हती. पण मुलगा रूबेन जहाजावर निघायचा त्या दिवशी ही बाई पाण्याला बोट लावत नसे. जहाज सुटतं त्या दिवशी घरात धुणं काढलं तर माणूस वाहून जातो, हे नॉर्दमच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. केझाया तर तो पलीकडे पोचल्याची खबर येईपर्यंत त्याच्या कपड्यांना शिवायची नाही.

सून मेबल मात्र आतल्या खेड्यातली. तिला हे कोण सांगणार?

खाणकामगारांच्या संपात कोळसा संपला, जहाजं बंदरात अडकली आणि रूबेन घरी बसला. त्यामुळे टायटॅनिकच्या भट्टीवर काम मिळालं तेव्हा तो हरखून गेला. निघायच्या सकाळी आईकडे येऊन त्याने अंगातला मळका सदरा काढून टाकला, दुसरा चढवला.

"हा तूच धू. मेबल धुते गं, पण डाग जागचे हलत नाहीत."

"बायकोच्या चहाड्या करतोस मेल्या? आधी पोच, मग बघते."

दुपारी जहाज गेलं. केझाया सुनेकडे गेली, तर परसात रूबेनचे झाडून सगळे कपडे दोरीवर. उशीचा अभ्रासुद्धा.

"अगं बये, आज धुतलंस? जहाज सुटल्या दिवशी धुणं काढलं तर माणूस वाहून जातो!"

"घर खायला उठलं, आई. हाताला काहीतरी हवं होतं." मग ओलं नाक पुसत मेबल हसली. "आणि एवढं थोरलं जहाज माझ्या बादलीभर पाण्याने बुडतंय होय?"

पाचव्या दिवशी ते बुडाल्याची बातमी आली. कंपनीच्या ऑफिसबाहेर बायांची ही गर्दी. वाचलेल्यांची नावं लागली, त्यात रूबेन नव्हता. मेबलने सासूचा दंड धरला, तो केझायाने हिसडला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सोड. तूच धुऊन टाकलंस माझ्या लेकाला."

त्या दिवसापासून केझायाने सुनेचं तोंड पाहायचं सोडलं. रोज सकाळी मात्र ती उशाखालचा मळका सदरा काढायची आणि त्यात तोंड खुपसायची. घाम, तंबाखू, कोळसा. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मे महिन्यात शेजारीण सांगत आली, "तुझी सून जेवत नाही गं. त्याचे कपडे हुंगत बसते. म्हणते, एकालाही त्याचा वास नाही, नुसता साबण."

केझायाच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. तिच्याकडे एवढं होतं, आणि त्या पोरीकडे काहीच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सदरा कागदात गुंडाळून ती तडक सुनेच्या दारात उभी राहिली. मेबलने पुडकं सोडलं, सदरा नाकाशी नेला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून गळा काढून रडली.

"बर्फाने फोडलं गं जहाज," केझाया तिच्या शेजारी टेकत म्हणाली. "तुझी बादली कुठे आली त्यात? दुःखाने जिभेला हाड राहिलं नाही माझ्या."

मेबलने सदरा उराशी आवळून धरला होता. निघताना केझाया फाटकाशी थांबली. उभ्या जन्मात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"रविवारी येईन," ती म्हणाली. "घटकाभर माझ्याही हातात देशील?"