पंपावरचं ओलं फडकं

या ग्रुपवर मी गेली चार वर्षं आहे ती, खरं सांगायचं तर, लोकांच्या चुका काढायला. कुणी 'अचानक दिवे मंद झाले...' असं लिहिलं, की खाली 'व्होल्टेज तपासलंत का?' विचारणारी खडूस बाई ती मीच. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. भुतंखेतं, बाहेरची बाधा असलं काही आमच्या घरात बोलायचीसुद्धा सोय नव्हती. त्यामुळे आज मी लिहितेय म्हटल्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. मीही तुमच्यावर पुष्कळ हसलेय.

घडलं ते क्रमाने सांगते. निष्कर्ष मागू नका. निष्कर्ष असता तर मी इथे कशाला आले असते?

आम्ही धायरीत राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे — अप्पा, वय ब्याऐंशी. माझा नवरा श्रीधर गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गेला. सकाळी चहाचा कप हातात होता, आणि झालं. नोकरी बँकेतली, पण त्याचे रविवार सगळे गाडीच्या बॉनेटखाली गेले. एकोणीस वर्षांची डिझेल गाडी. "विकून टाक ते धूड," हे वाक्य मी लग्नानंतर सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं असेल.

अप्पांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी बाराला. सेंटर मार्केट यार्डाच्या बाजूला आहे. श्रीधर गेल्यावर अप्पा म्हणाले, "बास झालं आता. कशाला उगाच?" आणि दोन वेळा गेलेच नाहीत. पाय सुजले, धाप लागायला लागली. मी हात जोडले, भांडले, शेवटी रडले, तेव्हा कुठे तयार झाले. पण एका अटीवर.

"श्रीच्या गाडीतून नेशील तर येईन. भाड्याच्या गाडीत मी बसणार नाही."

म्हणजे हिशोब सोपा होता. गाडी चालू तर अप्पा चालू.

थंडीभर गाडीने काही त्रास दिला नाही. एप्रिलच्या मध्यावर मात्र तिने रंग दाखवले. घरून निघताना एका सेल्फमध्ये चालू व्हायची. सिंहगड रोडवर मुंगीच्या पावलांनी पंचवीस मिनिटं गेली, इंजिन चांगलं तापलं, की राजाराम पुलाच्या अलीकडे हिसके द्यायची आणि बंद. मग कितीही सेल्फ मारा, नुसतं घरघर. चाळीस मिनिटं तशीच उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात परत चालू!

मी वही घातली. वेळ, अंतर, बाहेरचं तापमान, किती मिनिटांनी चालू झाली... प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखा तक्ता. आमच्या धायरी फाट्यावरच्या किसन मिस्त्रींनी आधी डिझेलचा फिल्टर बदलला, मग पाइप बदलले, मग वायरिंग तपासलं. गाडी थंड असताना गॅरेजमध्ये गुणी बाळ. रोग डॉक्टरसमोर दिसायलाच तयार नाही.

तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा सेंटरमधल्या सिस्टर म्हणाल्या, "काकू, असं करून नाही चालणार. मशीन पुढच्या पेशंटला द्यावं लागेल." परतताना अप्पा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, "बघ. गाडीलाच नकोय. राहू दे आता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडीची एवढी काळजी मी आयुष्यात कधी केली नव्हती.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच ठिकाण, पुन्हा तोच हिसका. मागे हॉर्नचा कल्लोळ. गाडी कडेला ढकलायला दोन कॉलेजची मुलं आली, त्यांतला एक म्हणाला, "काकू, म्युझियममध्ये द्या ना, चांगले पैसे देतील." मी आतून खटका ओढला, उतरले, बॉनेट वर केलं.

इंजिनाच्या बाजूला एक लोखंडी भाग आहे, त्यावर चौपदरी घडी केलेलं एक फडकं ठेवलेलं होतं. पोपटी रंगाचं, सुती. किसन मिस्त्री विसरला, मेला, आता पेट घेतला असता... असं म्हणत मी ते उचललं.

फडकं ओलं होतं. नुसतं ओलं नाही, ठिबकत होतं. आणि गार, माठाच्या पाण्यासारखं. बाहेर अडतीस अंश, खाली तापलेलं इंजिन, घरून निघून अर्धा तास झालेला. एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, ते चार मिनिटांत खडखडीत वाळायला हवं होतं.

फडकं पिशवीत टाकलं, बॉनेट लावलं आणि सीटवर बसून सेंटरला फोन लावला. 'येतोय, दहा मिनिटं, प्लीज मशीन देऊ नका' — माझी रडगाथा चालू होती, तेवढ्यात मागून अप्पा म्हणाले,

"हं. मार आता सेल्फ."

मी फोन कानाशी धरूनच किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला चालू. सहा मिनिटांत! वहीत लिहून ठेवलंय.

संध्याकाळी मी गाडी घेऊन किसन मिस्त्रींवर चालून गेले. त्यांनी फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"मॅडम, हे माझं न्हाय. आमच्याकडं असलं चांगलं कापड कुठलं? आम्ही बनियनच्या चिंध्या वापरतो. कुठं व्हतं हे?"

मी जागा दाखवली. मिस्त्रींनी तिथे बोट टेकवलं.

"आयला... पंपावर! मला कसं सुचलं नाय? पंप झिजलाय मॅडम. गरम झाला की डिझेल पातळ पडतंय, आतल्या आत गळतंय, दाबच बनत नाय. ओलं फडकं टाकलं की पंप गार हुतोय, गाडी चालू. जुने ड्रायव्हर असंच करायचे." मग फडकं परत देत म्हणाले, "ज्यानं ठेवलंय त्याला ही गाडी पुरती ठाऊक हाय बघा."

तापमान वाढलं की द्रवाची विष्यंदिता, म्हणजे चिकटपणा, कमी होते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले, आणि दोन-तीन आठवडे तक्ते भरूनही मला सुचलं नाही. लाज वाटली. पंप उतरवून दुसरीकडे दुरुस्तीला पाठवावा लागणार होता, सुटे भाग यायला तीन-चार दिवस. तोवर अशीच चालवायची.

घरी येऊन फडकं धुऊन वाळत घातलं. वाळल्यावर घडी उलगडली, तर एका कडेला मोहरी रंगाचा काठ होता.

आता हे सांगणं भाग आहे. रिटायर झाले त्या दिवशी मी नेसले होते ती पोपटी साडी, मोहरी काठाची. गेल्या वर्षी मे महिन्यात श्रीधरने ती कपाटाच्या खालच्या गठ्ठ्यातून काढून, जुनी समजून, हातभर कापली. गाडीसाठी! मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. कशासाठी कापलीस, हेसुद्धा विचारलं नाही. चार दिवस अबोला, आणि रागाच्या भरात त्याच्या डोळ्यांदेखत उरलेली साडी बोहारणीला देऊन टाकली. बदल्यात स्टीलची एक ताटली आली. श्रीधरने कापलेला तुकडाही मी त्याच्या हातातून ओढून तिच्याच गाठोड्यात टाकला होता. म्हणजे त्या साडीचा एक धागासुद्धा आमच्या घरात असायचं कारण नव्हतं.

तरी मी स्वतःला म्हटलं, बाई, घाई नको. कुणीतरी ठेवतंय. वॉचमन, मिस्त्री, नाहीतर अप्पाच. अप्पांना वाकता येत नाही, डायलिसिसची सुई लागते त्या डाव्या हाताने पाण्याचा तांब्यादेखील उचलायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय... पण शक्यता म्हणून.

शुक्रवारी निघण्याआधी टॉर्च घेऊन बॉनेटखालचा कानाकोपरा पाहिला. काही नव्हतं. बॉनेट लावलं आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करतात तसं केलं. फटीवर तीन ठिकाणी कागदाच्या पट्ट्या डिंकाने चिकटवल्या आणि प्रत्येकीवर सही. अर्धी कागदावर, अर्धी पत्र्यावर. अप्पा काठी टेकून बघत होते.

"पेपर फुटतायत का गं?" त्यांनी विचारलं.

"तेच बघायचंय," मी म्हटलं.

राजाराम पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. उतरून मी आधी पट्ट्या तपासल्या. तिन्ही जशाच्या तशा, सहीची रेघ कुठेही तुटलेली नाही. मोबाइलवर फोटो काढले. मग स्वतःच्या हाताने त्या फाडल्या आणि बॉनेट वर केलं.

फडकं होतं. चौपदरी घडी. ओलं, गार. आणि आदल्या वेळचं तर घरी ताटलीत पडलेलं होतं.

मी त्याच्यावर हात ठेवून उभी राहिले, आणि मला रडू फुटलं. भर दुपारी, सिंहगड रोडवर, बॉनेटमध्ये डोकं घालून. भीती अजिबात वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही सगळे भीती भीती लिहिता. मला त्याची आठवण आली, बाकी काही नाही. एक स्कूटरवाले आजोबा थांबून म्हणाले, "अहो, गाडीसाठी काय रडायचं? सगळ्यांच्याच बंद पडतात." मी हो म्हटलं.

बॉनेट लावून सीटवर बसले, नाक पुसलं, सेंटरला फोन लावला. बोलत असतानाच मागून अप्पा —

"हं. मार आता."

चालू.

रात्री दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले. कापलेल्या कडा एकमेकींना तंतोतंत जुळत होत्या. अप्पांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. म्हातारं माणूस, उगाच काहीतरी मनात धरून बसायचं.

शनिवारी उतरवलेला पंप सोमवारी तयार होऊन आला आणि किसन मिस्त्रींनी बसवला. मंगळवारी ऐन उन्हात गाडी राजाराम पुलावरून अशी निघाली की विचारू नका. साडेअकराला सेंटरच्या दारात. सिस्टर घड्याळाकडे बघून हसल्या. मला स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटली.

परतताना अप्पा म्हणाले, "आज थांबली नाही."

"आता नाही थांबणार, अप्पा. पंप नव्यासारखा झालाय."

रात्री ताट बाजूला सारून अप्पा म्हणाले, "शुक्रवारपासून मी येत नाही."

"अहो पण का? आता तर गाडी नीट झाली ना!"

"म्हणूनच." मग त्यांनी बोटाने ताटाची कड पुसली. "श्रीची सवय होती. गाडीचं काम झालं की बॉनेट लावायचा आणि वर दोनदा थाप मारायचा. म्हणजे आतल्याने सेल्फ मारायचा. पोरगा होता तेव्हापासून, माझ्या जुन्या गाडीवर... गेल्या आठवड्यात दोन्ही वेळा रस्त्यात गाडी थांबली, तू आत येऊन बसलीस, की थाप यायची. दोनदा. मग मी तुला सांगायचो, मार आता."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"तुला ऐकू येत नव्हती होय?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, तू मुद्दाम काही बोलत नाहीयेस."

मी पुढच्या सीटवर. बॉनेट माझ्यापासून दोन हातांवर. आणि दोन्ही वेळा मी फोनवर कुणाला तरी 'आलोच' म्हणून सांगत होते.

मी उठले, ती स्टीलची ताटली आणली आणि दोन्ही फडकी अप्पांच्या पुढ्यात ठेवली. पहिल्यापासून सगळं सांगितलं, साडीसकट. त्यांनी फडक्यांवरून हात फिरवला. "भांडला होतात म्हणे," एवढंच म्हणाले.

याला स्पष्टीकरण काय? पट्ट्यांचे फोटो आहेत, वही आहे, तुकडे आहेत. मी सगळ्या शक्यता तपासून झाल्यात आणि माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर खाली लिहा... पण 'व्होल्टेज तपासलंत का' नको.

अप्पा डायलिसिसला येतात. शुक्रवार चुकला नाही, नंतरचा एकही वार चुकला नाही. आम्ही घरून वीस मिनिटं लवकर निघतो. गाडी आता बंद पडत नाही, म्हणून राजाराम पुलाच्या अलीकडे, झाडाच्या सावलीला, मीच ती बंद करते. उतरून बॉनेट उघडते. पंप कोरडा असतो. बॉनेट लावते, थाप मारत नाही, आणि येऊन सीटवर बसते. कधी दोन मिनिटं जातात, कधी दहा. मग अप्पा म्हणतात, "हं, मार आता," आणि मी किल्ली फिरवते.

त्यांना खरंच ऐकू येतं, की ते माझ्यासाठी म्हणतात, हे मी विचारलेलं नाही. फोन मात्र निघतानाच बंद करून ठेवते. मला अजून काही ऐकू आलेलं नाही.