कडीवहिनींची टिकली

आपल्या शेजारच्या कडीवहिनी दार उघडण्याआधी साखळीच्या फटीतून "कोण?" असं विचारायच्या. समोर मी उभी असले तरी विचारायच्या. "दिसत नाही का मी?" म्हटलं की म्हणत, "दिसून तर राहिल्या, पण काहून आल्या ते कुठं दिसते?" त्यांचं खरं नाव सुमती. बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून परत येऊन दाराची कडी ओढून पाहायची त्यांची सवय, म्हणून गल्लीत हे नाव पडलं आणि मराठी न येणाऱ्या हिंदी शेजाऱ्यांच्याही तोंडी बसलं.

दूधवाल्यादेखत त्या दुधात बोट बुडवत. जवळच्या पनागर गावाहून भाजी आणणाऱ्या बाईची काकडी मोडून चाखत. "भरोसा आहे हो, पण पाहून घेते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमचे आजोबा म्हणायचे, या बाई आरशालाही ओळखपत्र मागत असतील.

यजमान गेल्यावर मात्र त्या सरकारी कचेऱ्यांच्या चार खिडक्यांपुढे उभ्या राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कागदावर बोट ठेवून म्हणालं, "अम्मा, यहाँ साइन कर दो." काय लिहिलं आहे विचारलं की मागची रांग ओरडायची. न वाचता केलेल्या अशाच एका सहीपायी त्यांची पेन्शन बरेच महिने अडकली. ती सुटली, पण त्या अपमान विसरल्या नाहीत. साठी उलटल्यावर मला म्हणाल्या, "मले त्या टेबलाच्या पलीकडं बसाचं आहे."

कोर्टाजवळ गरिबांसाठी मदत केंद्र होतं. तिथे लोकांना कागद समजावून द्यायला पॅरालीगल लागत. पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे, पण कायद्याचं शिकलेला मदतनीस. त्यासाठी प्रमाणपत्र हवं, आणि ते घरबसल्या, ऑनलाइन मिळत होतं. आता संशय मला आला. फी आधी, इमारत कुठे ठाऊक नाही, मास्तर कधी भेटणार नाहीत. मी स्पष्ट सांगितलं, "वहिनी, फसाल."

"मले फसवाले त्यालेच आधी कोर्स करा लागन," त्या म्हणाल्या.

अभ्यास आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर चालायचा. उघडला की त्या आधी कॅमेऱ्यावर टिकली चिकटवत. यजमान गेल्यापासून त्यांनी टिकली लावणं सोडलं होतं आणि पाकीट अर्धं शिल्लक होतं. शिकवणाऱ्याकडे डोळे बारीक करून बघत. "याचं तोंड एक बोलून राहिलं, आवाज दुसरा. असली आहे ना हा?" तरी त्याचा शब्द न् शब्द त्यांनी पाठ केला.

परीक्षेत कॅमेरा उघडा ठेवायचा नियम होता. त्यांनी टिकली काढून मनगटावर लावली. पेपर निम्मा झाला आणि पडद्यावर ओळ आली, "आप पर नज़र रखी जा रही है." वहिनींनी तत्काळ टिकली कॅमेऱ्यावर परत लावली. परीक्षा तिथेच बंद पडली. कारण आलं, संशयास्पद हालचाल.

आयुष्यभर इतरांवर संशय घेतलेल्या बाईवर यंत्राने संशय घेतला होता. मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्या दिवशी जाताना त्यांनी नेहमीसारखी आमच्या दाराची कडी ओढून पाहिली नाही.

काही दिवसांनी एका अधिकाऱ्याने व्हिडिओवर खुलासा मागितला. मी शेजारी बसले होते. त्याने विचारलं, "माताजी, कैमरा क्यों ढका?"

"पहले आप बताइए, आप कौन? मैं जवाब किसको दे रही हूँ?"

तो चकित झाला. मग त्याने आपलं ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरलं. वहिनींनी ते मोठ्याने, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. "अच्छा, अब सुनिए. लिखा था कि देख रहे हैं. कौन देख रहा है, ये नहीं लिखा था. अकेली औरत क्या करे?"

त्याने समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाला, "एक मौका और. पर कैमरा खुला रहेगा."

दुसऱ्या वेळी त्यांनी टिकली काढली आणि ती बोटावर घेऊन थांबल्या. मनगटापर्यंत हात गेला, परत आला. मग ती त्यांनी कपाळावर लावली. "पाहू दे आता," म्हणाल्या आणि पेपर सुरू केला.

त्या पास झाल्या. आसपासच्या सिहोऱ्याच्या, मझौलीच्या बाया मदत केंद्रात कागद घेऊन येत आणि टेबलापलीकडून वहिनी कागदावर तळहात ठेवत. "साइन बाद में. पहले पूछो, ये है क्या?" कपाळावर टिकली असायची. कुणी काय म्हणेल, हा एकच संशय त्यांनी सोडून दिला होता.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आजीच्या लॅपटॉपच्या कडेला तो लाल ठिपका कसला, असं तुम्ही परवा घरी आलात तेव्हा विचारलंत. त्यांच्या टिकल्यांच्या पाकिटातला आहे. तुमचा व्हिडिओ कॉल संपला की मी तो सरकवून कॅमेऱ्यावर लावते. भरोसा आहे, तरीही.