गुड फ्रायडेच्या घंटा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बिशपसाहेबांच्या नावाची पाटी चर्चच्या भिंतीवर लागणार, हे कळल्यावर ओतीलियाआजीचं डोकंच फिरलं. तिचे वडील त्याच चर्चमध्ये घंटा वाजवायचे.

गुड फ्रायडेला स्लोव्हाकियात चर्चच्या घंटा मुक्या असतात. पण गावातल्या ज्यू मुलींना शिपायांनी छळछावणीच्या गाडीत चढवायला स्टेशनकडे हाकलत नेलं, त्या गुड फ्रायडेला बिशपसाहेबांनी घंटा वाजवायला लावल्या होत्या.

"त्या मुलींच्या दुःखापायी त्यांनी धर्माचा नियम मोडला, आजी," फादर म्हणाले. "आता सगळे तेच मानतात."

"दुःख कसलं डोंबलाचं! 'रडारड आत ऐकू येतेय, प्रार्थनेत लक्ष लागत नाही,' असं म्हणाले ते बाबांना. मी शेजारीच उभी होते. रस्त्यावर माझी मैत्रीण एदिता रडत होती."

"बरं बरं, पाटीच्या समारंभात बोला," फादरांनी वेळ मारून नेली.

समारंभात आजी काठी टेकत उठली. एदिताचं नाव घ्यायला तिनं तोंड उघडलं आणि बिशपसाहेबांच्या सन्मानार्थ घंटा सुरू झाल्या. आजी ओरडत राहिली. लोकांना तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

"बघा," मागची बाई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, "म्हातारी किती मनापासून प्रार्थना करतेय."