काकूच्या बॅगेतला येसर

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माफ करून मन हलकं होतं असं लोक म्हणतात. माझं मन उट्टं काढल्यावर हलकं झालं आणि अजून हलकंच आहे.

आमच्या कॉलेजातून मुलांची एक तुकडी जर्मनीतली शेती बघायला निघाली होती आणि तिच्यात माझी निवड झाली होती. कपडे, कागदपत्रं सगळं जमलं, पण घरात चाकांची मोठी बॅग नव्हती. डोंगरकडा गावातल्या आमच्या घरात गाठोडी होती, पोती होती आणि आईच्या लग्नातली पत्र्याची पेटी होती. बॅग होती हिंगोलीच्या काकूकडे. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. काका कारकून, त्यामुळे ती शहरातली झाली. तिचं माहेर आखाडा बाळापूरचं, आमच्याइतकंच शेतातलं, पण तो विषय तिच्यापुढं कुणी काढायचा नाही.

बॅग द्यायला ती तयार झाली. आईला अट एकच घातली. "आक्का, गावाकडं नेऊ नका. धूळ लागती. इथंच येऊन भरा."

आईनं ते गिळलं आणि येसर करायला बसली. कोरडं, टिकणारं काहीतरी सोबत ठेवा, असं सरांनी सांगितलं होतं. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी तयार. आईनं एकेक जिन्नस मंद आचेवर भाजला आणि गिरणीत नेला. गिरणीवाला येसर सगळ्यांच्या शेवटी दळतो. त्याचा वास गिरणीच्या दगडाला धरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठात उतरतो. म्हणून गावातल्या सगळ्या बायकांचं दळण होईपर्यंत आई तिथंच बसून राहिली. मग जुन्या लुगड्याच्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात येसर भरला.

जायच्या आदल्या दुपारी आम्ही मायलेकी एसटीनं हिंगोलीला गेलो. काकूनं पलंगावर चादर अंथरून तिच्यावर निळी बॅग उघडून ठेवली होती. शेजारीण मुद्दाम बोलावलेली होती, आपली बॅग परदेशात निघालेली तिला दाखवायला. मी स्वेटर ठेवले, चपला कागदात गुंडाळून ठेवल्या. आईनं कोपऱ्यात येसराची पिशवी बसवली.

काकूनं नाक मुरडलं आणि दोन बोटांनी पिशवी उचलली. "आक्का, हे वापस न्या. बॅगेला वास लागल. मला पुढं साड्या ठेवायच्या हायेत तिच्यात." मग शेजारणीकडं बघून हसली. "जर्मनीत जाऊन हे लोक आमटी उकळतील. काय म्हणतील तिथले?"

शेजारीणही हसली. काकूनं त्या जागी बेकरीतल्या बिस्किटांचे पुडे ठेवले. आईनं पिशवी पदरानं पुसली, जणू तीच घाण होती, आणि आपल्या थैलीत टाकली. आईच्या हातचा येसर हीच बाई दर दिवाळीला डबा भरून मागवायची. माझ्या जिवाची लाही लाही झाली. त्या बॅगेला लाथ घालून जाणंच रद्द करावं असं वाटलं. पण जायचं तर होतंच, आणि आईला आणखी खाली बघायला लावायचं नव्हतं.

काकू चहा टाकायला गेली, आई हातपाय धुवायला. तेवढ्यात मी थैलीतली पिशवी काढली, बॅगेच्या आतल्या अस्तराची चेन उघडली आणि पिशवी अस्तराच्या मागं सरकवली. वर स्वेटर दाबले. मी तिथूनच निघाले; एकटीच गावी पोचल्यावर आईला थैली हलकी लागली असणार. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "जेवून राहिलीस ना बराबर?"

जेवत होते. हॉटेलच्या खोलीत पाणी उकळायची किटली होती. पहिल्या संध्याकाळी मी कपात येसर कालवला आणि वासावर अख्खी तुकडी माझ्या दारात आली. सरसुद्धा आपला कप घेऊन आले. बिस्किटं मी विमानतळावरच वाटून मोकळी झाले होते.

निघायच्या दिवशी पिशवीत थोडा येसर उरला होता. पोरींनी मागितला. संपला म्हणून सांगितलं. त्या खाली गेल्यावर अस्तराची चेन उघडली आणि उरलेला सगळा येसर सुटाच आत ओतला. कोपऱ्याकोपऱ्यात तळहातानं चोळला. मला गिरणीचा दगड आठवत होता.

अट मोडून मी बॅग घेऊन सरळ घरी आले. आई म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू रिकामी पाठवायची न्हाई." मी म्हटलं, रिकामी नाहीच. आईनं तरी वर चॉकलेटं ठेवली आणि बॅग हिंगोलीला गेली.

पुढं काकूनं भाचीच्या लग्नासाठी रेशमी साड्या त्याच बॅगेत भरल्या. नांदेडच्या कार्यालयात ती नेसून उभी राहिली तर जवळून जाणाऱ्या बाया विचारत होत्या, आमटीचा बेत आहे का. हे मला चुलत बहिणीनं सांगितलं. मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

दिवाळीत आई आणि मी काकूकडे गेलो. बॅग गच्चीत उन्हात उघडी पडली होती, आत डांबराच्या गोळ्या. "आक्का, धुतली, ऊन दिलं, समदं करून राहिले," काकू रडकुंडीला आली होती. "वास काहून जात न्हाई, काय कळंना."

आई वाकली. अस्तरावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही.

काकूची नजर आमच्या थैलीकडं गेली. "डबा आणला का येसराचा?"

"औंदा न्हाई आणला," आई पदराला बोट पुसत म्हणाली. "तुझ्याकडं हाये की."