वस्तादांचा सत्तेचाळीस किलोचा जावई

मी माझ्या सासऱ्यांना पसंत पडलो तो केवळ वजनामुळे. (समाजातल्या नव्हे, काट्यावरच्या!)

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूला आलो, तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चिकटलो आणि मेसचं पाणचट सांबार खाऊन असा वाळलो, की बसचा कंडक्टर मला हाफ तिकीट देऊ लागला. अशात बेंगळुरूतल्याच राजाजीनगरचं स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील बेळगावकडचे, कॉलेजात कुस्तीचे कोच. सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे.

पाहायला गेलो. वैजूने पोह्यांची बशी पुढे केली. मी बशीआडून वैजूकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे चीतपट झालो. वस्ताद मात्र माझी मनगटं न्याहाळत होते.

"वजन किती तुमचं?"

"स... सत्तेचाळीस."

वस्ताद ताडकन उठले. डोळ्यांत पाणी! "अगं ए, ऐकलीस काय? सत्तेचाळीस म्हणूलाय!"

त्याचं असं होतं. वस्तादांनी जन्मभर पैलवान घडवले. त्यांचे चेले पोलिसात होते, रेल्वेत होते, एक तर चक्क पुजारी होता. पण कॉलेजांच्या स्पर्धेतली सांघिक ढाल काही मिळाली नव्हती, कारण अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उभं करायला पोरगाच नसायचा आणि तिथले गुण बुडायचे. वस्तादांच्या हाताखाली काडीपैलवान आला, की महिन्याभरात त्याचा रेडा व्हायचा! आणि यंदा तर ते निवृत्त होणार होते.

"आमच्या संध्याकाळच्या बी.कॉम.ला नाव घाला," वस्ताद म्हणाले. "त्या गटात यंदा दुसऱ्या कुणाकडंबी पोरगं नाही. काट्यावर उभं राहायचं, नाव पुकारलं की हात वर करायचा. ढाल आपली!"

"आणि... वैजूचं?"

"ढाल येऊ दे की! स्वल्प दम धरा."

धरला. रोज संध्याकाळी चेले मला मॅटवर उचलून आपटायचे आणि मग वस्ताद जेवायला घरी न्यायचे. तिथे खरी कुस्ती सुरू व्हायची. वैजूची आई, म्हणजे काकू, म्हणायच्या, "किती कमी खाऊलाय पोरगं! पुण्याची माणसं काय म्हणतील?" वस्तादांनी माझ्या ताटातली एक भाकरी उचलली, की काकू दोन टाकायच्या. त्यांना मी निकराने नको म्हणायचो. पण खव्याच्या गोड कुंद्याची वाटी घेऊन वैजू यायची आणि हळूच विचारायची, "आवडला नाही काय?"

सांगा, वाटी चाटूनपुसून साफ करण्यावाचून काय करणार माणूस?

स्पर्धेच्या सकाळी मी काट्यावर उभा राहिलो आणि काटा पन्नासच्या पुढे गेला. वस्तादांचा चेहरा पांढराफटक! शर्ट काढला, बनियन काढलं, चष्मा काढला. घोंगडी पांघरून मैदानाला फेऱ्या मारल्या. शेवटी वस्ताद गरजले, "न्हावी बोलवा!" माझे कुरळे केस गेले, मिशी गेली. तरीही अर्धा किलो जास्तच. (तो बहुतेक कुंदा असावा.)

"आगल्ल, सार!" पंचांनी मान हलवली. जमणार नाही!

ढाल गेली. परतताना वस्तादांनी मला रिक्षात शेजारी बसवलं. मला फार फार वाईट वाटलं.

"वस्ताद, मी... पुण्याला परत जाऊ?"

"कुठं जाता? आमच्या घरचं एवढं अंगाला लावून घेतलासा, आता सोडतो काय?" आणि ते इतके खदाखदा हसले, की रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

लग्न झालं. (फोटोत नवरा कोणता ते मुंडावळ्यांवरून ओळखावं लागतं.) नंतर वस्तादांचा निरोप समारंभ झाला. चेले पदकं घालून रांगेत उभे होते आणि शेवटी टकला मी. पाहुण्यांनी विचारलं, "ह्यांनी काय जिंकलं?"

वस्ताद छाती फुगवून म्हणाले, "हजार पैलवान घडवलो, साहेब. पण समोर कुणीच नसताना हरलेला हा एकच!"